वाटाण्याचं रोप आणि एप्रिलची छाटणी

(इंदिरानगर, नाशिक येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



संयोजकांनी मला विषय दिला : पूर्वतयारी, कामाची आणि आयुष्याची. या विषयात एक धोका आहे. वक्ता पहिल्या पाच मिनिटांत तहान लागल्यावर विहीर खणण्याची म्हण सांगतो, पुढच्या पाचांत कुऱ्हाडीला धार लावणाऱ्या लाकूडतोड्याला बोलावतो आणि तोवर मागच्या रांगेतली मंडळी पायांत चपला सरकवू लागतात. ती म्हण आणि तो लाकूडतोड्या, दोघांनाही मी आज सुट्टी दिली आहे. त्याऐवजी इथून दुचाकीवर थोड्या वेळात गाठता येईल अशा एका जागेपासून सुरुवात करतो. महामार्गाने मुंबईच्या दिशेला निघायचं, पाथर्डी फाटा ओलांडायचा, पांडवलेण्यांच्या पायथ्याशी थांबायचं. तिथे दादासाहेब फाळके यांचं स्मारक आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी ते पाहुण्यांना फिरवायला नेण्यापुरतं पाहिलेलं असेल.

धुंडिराज गोविंद फाळके ३० एप्रिल १८७० ला आपल्या त्र्यंबकेश्वरात जन्मले आणि १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकमध्येच वारले. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लोकांपुढे आला, हे शाळेतली मुलंही सांगतात. मला त्या तारखेच्या आधीची दोन-अडीच वर्षं महत्त्वाची वाटतात. त्या काळात फाळक्यांच्या हातून लोकांना दाखवण्याजोगं जवळजवळ काहीच झालेलं नव्हतं.

गिरगावातल्या एका तंबूवजा चित्रपटगृहात त्यांनी ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा मूकपट पाहिला. आपले राम-कृष्ण असे पडद्यावर का दिसू नयेत, हा विचार त्यांच्या डोक्यात तिथे शिरला. ही गोष्ट सांगताना आपण लगेच पुढचं वाक्य जोडतो, 'आणि त्यांनी चित्रपट काढला.' मध्ये काय झालं? माणूस मिळतील तेवढे यंत्रांचे कॅटलॉग आणि पुस्तकं गोळा करत बसला. छोटा कॅमेरा आणि रिळं आणली, मेणबत्ती आणि भिंग घेऊन रात्री घरातल्या भिंतीवर चित्रं पाडली. रोज संध्याकाळी तास-तास चित्रपटगृहात बसून पडद्यावरचं चित्र कसं हलतं ते पाहिलं. डोळ्यांवर इतका ताण आला की दिसेनासं व्हायची वेळ आली. उपचार करून, निरनिराळे चष्मे लावून दृष्टी वाचवावी लागली. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या लेखी हा चाळिशीतला, बायकामुलांचा धनी, चांगला छापखाना सोडून आलेला आणि आता वेड लागलेला गृहस्थ होता.

मग विम्याची पॉलिसी गहाण टाकली आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये विलायतेची बोट धरली. लंडनमध्ये ओळख कुणाचीच नव्हती. रस्त्यावर 'बायोस्कोप' या सिनेमाच्या साप्ताहिकाची पाटी दिसली, तर सरळ आत जाऊन संपादकांना भेटले. संपादकांनी आधी परावृत्तच केलं : तिकडेच कितीतरी लोक या धंद्यात बुडाले आहेत, तुमच्या हवेत हे जमणार नाही. गृहस्थ ऐकत नाही म्हटल्यावर त्यांनीच सेसिल हेपवर्थ या निर्मात्याकडे चिठ्ठी दिली. हेपवर्थनी आपल्या वॉल्टनच्या स्टुडिओतले सगळे विभाग उघडून दाखवले. फाळके तिथे राहिले फार तर दोनेक आठवडे. एवढ्यात विल्यमसन कॅमेरा घेतला, फिल्मला कडेची भोकं पाडायचं यंत्र घेतलं, कच्च्या फिल्मची सोय लावली आणि एप्रिलच्या सुरुवातीला घरी परत. लंडनला जाऊन दोन आठवड्यांत हे शिकता येतं का? येतं, जाणारा आधीच सगळं शिकून फक्त शंका विचारायला गेला असेल तर. हेपवर्थच्या स्टुडिओत काय पाहायचं हे त्यांना ठाऊक होतं. नुसतं पर्यटन म्हणून गेले असते तर टेम्सचा पूल बघून आले असते.

आता मुद्द्याची गोष्ट. कॅमेरा हातात आला तरी 'राजा हरिश्चंद्र' सुरू झाला नाही. भांडवल नव्हतं आणि कुणाचा विश्वास नव्हता. फाळक्यांनी एका कुंडीत वाटाणा पेरला. कॅमेरा त्याच्यासमोर पक्का बसवला आणि दिवसामागून दिवस थोडं थोडं चित्रण करत गेले. महिनाभराने त्यातून मिनिटभराची फिल्म निघाली : दाणा फुटतो, कोंब वर येतो, वेल आधार शोधत चढतो. ही फिल्म त्यांनी निवडक मंडळींना दाखवली आणि त्यानंतर पैसे उभे राहिले. पत्नी सरस्वतीबाईंचे दागिनेही त्यात गेले, हे विसरायचं नाही.

या वाटाण्याच्या रोपापाशी मी जरा थांबतो, कारण आज मला जे सांगायचं आहे ते या कुंडीत आहे. फाळक्यांनी सरावासाठी अर्धवट काहीतरी केलं नाही. त्यांनी एक छोटा पण संपूर्ण चित्रपट केला. त्यात फिल्मला भोकं पाडणं आलं, कॅमेऱ्यात ती नीट भरणं आलं, उजेडाचा अंदाज आला, अंधाऱ्या खोलीत धुणं आलं, प्रत काढणं आलं, पडद्यावर टाकणं आलं आणि समोर पैसे देऊ शकणारा प्रेक्षक बसवणंही आलं. नट सोडून सगळं होतं. यातली एक जरी कडी कच्ची असती तर ती काही फूट फिल्मच्या मोलात समजली असती. 'हरिश्चंद्र' ३,७०० फुटांचा होता. तिथे समजली असती तर कुटुंबासकट माणूस रस्त्यावर आला असता.

आपण ज्याला तयारी म्हणतो ती बहुतेकदा याच्या उलट असते. आपण कामाचा एकच भाग घेतो, आवडीचा असतो तो, आणि त्याचीच घोटाई करत बसतो. दुकान काढायचं असलं की पाटीची अक्षरं आणि उद्घाटनाचे पाहुणे ठरतात. उधारी कुणाला द्यायची आणि कुणाला नाही, हे ठरत नाही. फाळक्यांनी सोपा भाग निवडला नाही, लहान आकार निवडला. हा फरक बारीक वाटेल, पण सगळं त्यावरच अवलंबून आहे.

पुढचा सगळा कारभार या तयारीने तोलून धरला. सरस्वतीबाई फिल्मला भोकं पाडत, रात्री फिल्म धुवायला मदत करत, उन्हात उजेड परतवण्यासाठी पांढऱ्या चादरी धरून उभ्या राहत आणि साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाकही करत. तारामतीच्या कामाला बाई मिळेना, तेव्हा एका हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके सापडले. चित्रपट काढतो म्हटलं तर नटांची बदनामी होई, म्हणून घरी विचारलं तर हरिश्चंद्राच्या कारखान्यात कामाला आहे म्हणायचं, असं ठरलेलं होतं. परेश मोकाशींनी २००९ मध्ये फाळक्यांवरच्या आपल्या चित्रपटाला नाव दिलं ते यावरूनच. वांगणीला बाहेरचं चित्रीकरण करायला मंडळी ढाली-तलवारी घेऊन गेली, तर गावकऱ्यांना वाटलं दरोडेखोर आले. मंडळी धरली गेली. फाळके पोचले आणि त्यांनी पंचनाम्याला उत्तर म्हणून कॅमेरा लावून प्रसंगच करून दाखवला. कॅमेऱ्यात फिल्म नव्हती. पोलिसांची खात्री पटवायला फिल्म कशाला खर्च करायची? ज्याला प्रत्येक फुटाची किंमत ठाऊक आहे त्यालाच हे आयत्या वेळी सुचतं. प्रसंगावधान म्हणतात ते असंच असतं, आधी पुष्कळ वेळा हाताळलेल्या गोष्टीतून आलेलं.

फाळक्यांचं आधीचं आयुष्य पाहून एक मोह होतो. जे. जे. कलाशाळा, बडोद्याचं कलाभवन, गोध्र्याचा फोटो स्टुडिओ, पुरातत्त्व खात्यातली नोकरी, छापखाना, जर्मनीची वारी, शिवाय 'फाळके' उलटं वाचून 'प्रोफेसर केळफा' या नावाने केलेले जादूचे प्रयोग. सगळं जणू सिनेमासाठीच घडत होतं, असं म्हणायचा तो मोह. मला ते पटत नाही. वीस वर्षांत इतक्या धंद्यांतून गेलेली माणसं त्या काळी पुष्कळ असतील आणि त्यातली बरीच नुसतीच दमली असतील. वाया काही जात नाही, असं आपण एकमेकांना समजुतीसाठी म्हणतो. वाया पुष्कळ जातं. फाळक्यांचं वाया गेलं नाही, कारण मेणबत्ती आणि भिंगाच्या त्या एका वर्षात त्यांनी मागचा सगळा पसारा एका कामाला जुंपला.

पण मी इथेच थांबलो तर तुम्हाला अर्धा फाळके सांगितल्यासारखं होईल. १९१३ नंतर ते नाशिकला आले. 'मोहिनी भस्मासुर' आणि 'सत्यवान सावित्री' इथले. १९१७ मध्ये 'लंका दहन' आला, लोकांनी डोक्यावर घेतला. १९१८ पासून हिंदुस्थान फिल्म कंपनी उभी राहिली, भागीदार आले, भांडवल आलं. आणि लवकरच भागीदारांशी बिनसलं, फाळके सगळं टाकून काशीला गेले आणि तिथे 'रंगभूमी' नावाचं नाटक लिहीत बसले. छापखान्यातही भागीदारांशी असंच बिनसलं होतं. म्हणजे ज्या माणसाने भिंगाचा, रसायनाचा, उजेडाचा अभ्यास डोळे जाईपर्यंत केला, त्याने भागीदारीच्या करारासाठी कधी वाटाण्याचं रोप लावलं नाही. परत आले खरे, पण १९३१ मध्ये 'आलम आरा' आला आणि पडदा बोलू लागला. फाळक्यांचा 'सेतुबंधन' मूकपट म्हणून तयार झाला होता, त्याला मागाहून आवाज जोडावा लागला. १९३७ ला कोल्हापुरात त्यांनी 'गंगावतरण' हा एकच बोलपट केला, तेव्हा ते सदुसष्टीत होते. १९१२ मधली तयारी १९३१ मध्ये उपयोगाची राहिली नव्हती.

तयारी शिळी होते. ही गोष्ट कुणी आवडीने सांगत नाही, कारण आपल्याला वाटतं एकदा झालं की झालं : पदवी घेतली, घर घेतलं, दुकानाची घडी बसली. ती शिळी होते हे आपल्या जिल्ह्यात सगळ्यांत चांगलं कुणाला ठाऊक असेल तर द्राक्ष बागाईतदाराला.

आपण इंदिरानगरची माणसं द्राक्षं फेब्रुवारी-मार्चमध्ये बघतो, हातगाडीवर, आणि बागाईतदाराची मेहनतही आपल्याला त्याच दिवसांतली वाटते. पुढच्या फेब्रुवारीचं द्राक्ष ठरतं या एप्रिल-मेमध्ये. माल उतरला की दिंडोरी, निफाड, चांदवडकडे खरड छाटणी सुरू होते. वर्षभराच्या सगळ्या काड्या ओलांड्यापाशी, म्हणजे वेलीच्या आडव्या कायम फांदीपाशी, डोळा-दोन डोळे ठेवून कापून टाकतात. ऐन उन्हाळ्यात बाग बोडकी दिसते. बाहेरचा माणूस म्हणेल, हे काय केलंत? पण वेलीवर त्या हंगामात एकही द्राक्ष घ्यायचं नसतं. घ्यायची असते फक्त काडी.

नव्या फुटी येतात, त्यांची विरळणी होते, कारण सगळ्या ठेवल्या तर दाटी होऊन आत ऊन शिरत नाही. फूट सातेक पानांची झाली की शेंडा मारतात, म्हणजे पुढे बगलफूट निघून सबकेन तयार होते. पाणी आणि नत्र हात राखून दिलं जातं, नाहीतर काडी नुसती लांबत सुटते. हे सगळं चालू असताना, छाटणीपासून साधारण चाळीस ते साठ-सत्तर दिवसांच्या मध्ये, काडीवरच्या डोळ्याच्या आत घड तयार होत असतो. बाहेरून काही दिसत नाही. डोळा गव्हाच्या दाण्याएवढा असतो. त्या दिवसांत त्याच्या पानाला ऊन मिळालं, वेलीत अन्नसाठा असला तर आत घड. नाहीतर आत नुसती बाळी, वेलीला आधार धरायला लागते ती. नंतर ऑक्टोबरला गोडी छाटणी होते, तेव्हा शेतकरी घड तयार करत नसतो. आत जे आहे ते बाहेर काढत असतो. मे महिन्यात जे आत बसलं नाही ते ऑक्टोबरमध्ये कोणतंही औषध मारून येत नाही.

आणि तरीही शेतकरी अंदाजावर जात नाही. गोडी छाटणीच्या आधी बागेतल्या निरनिराळ्या ओळींतल्या काड्या कापून, ओल्या फडक्यात गुंडाळून प्रयोगशाळेत नेतो. तिथे सूक्ष्मदर्शकाखाली एकेक डोळा पात्याने उभा कापतात आणि सांगतात : या काडीला सबकेनच्या गाठीपाशी घड आहे, त्या काडीला गाठीच्या पुढे दुसऱ्या डोळ्यावर आहे. मग कात्री कुठे चालवायची ते ठरतं. काडी तपासणीच्या दिवसांत त्या टेबलाभोवती शेतकरी कसे उभे असतात ते एकदा जाऊन पाहा. दहावीच्या निकालालाही एवढी शांतता नसते.

मला यातलं विशेष वाटतं ते तपासणीचं. तयारी केली यावर ते समाधान मानत नाहीत. तयारी झाली का, हे काम सुरू करण्याआधी कापून बघतात. आपल्या कचेऱ्यांत, शाळांत, सोसायट्यांत किती ठिकाणी हे होतं? आग विझवायची लाल नळकांडी जिन्यात टांगलेली असतात. ती भरलेली आहेत का हे बघणारा डोळा नसतो.

हे सगळं दर वर्षी. मागच्या साली बाग चांगली आली म्हणून यंदा खरड छाटणी माफ, असं होत नाही. आणि नेमाने केलं तरी भरवसा नाही. २०१० मध्ये काय झालं ते निर्यातदार बागाईतदार विसरलेले नाहीत. क्लोरमेक्वाट क्लोराइड, बागेत ज्याला सीसीसी म्हणतात, ते वेलीची वाढ आवरण्यासाठी वापरलं जाई. युरोपात त्याचे अंश द्राक्षांत सापडले, माल बंदरांवर अडकला, भाव कोसळले. त्या शेतकऱ्यांनी तपासण्या केल्या नव्हत्या असं नाही. माल तपासून, कागदपत्रांनिशी गेला होता. पण तपासायच्या रसायनांच्या यादीत हे नाव नव्हतं. यादी जुनी होती, बाजार नवा होता. अलीकडचं सांगायचं तर २०२५ च्या मेमध्ये पाऊस लवकर आला आणि लांबला. डोळ्यात घड बसायच्या नेमक्या दिवसांत ऊन नाही. पुढे अनेक बागांत घडच कमी निघाले. त्यांची तयारी कमी पडली असं म्हणण्याचा उद्धटपणा मी करणार नाही. तयारी केली की यश येतंच, असं सांगणारे वक्ते शहरात हॉल घेऊन पैसे मिळवतात. त्यांनी एकदा जूनमध्ये निफाडला जाऊन यावं.

ज्यांच्या स्मरणार्थ आपण इथे जमलो आहोत, त्या सरांना भेटण्याचा योग मला आला नाही. मात्र त्यांच्या दोन माजी विद्यार्थिनींनी कार्यक्रमाआधी चहाच्या वेळी सांगितलं की सर तोच धडा तीस वर्षं शिकवत आणि दर जूनला आदल्या वर्षाची टिपणं फाडून टाकत. शाळेतल्या इतर शिक्षकांना तो विक्षिप्तपणा वाटायचा. मला वाटतं, सरांना खरड छाटणी कळली होती.

आता थोडं आपल्या मुलांविषयी. आपल्या परिसरात स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका किती आहेत, तुम्हाला ठाऊकच आहे. सकाळी सहाला मुलं-मुली दप्तर, पाण्याची बाटली घेऊन आत जातात आणि रात्री बाहेर येतात. काय करतोस विचारलं तर उत्तर येतं, 'तयारी करतोय.' पहिल्या-दुसऱ्या वर्षी या उत्तराला तेज असतं. पाचव्या-सहाव्या वर्षी तेच उत्तर घरातल्या माणसांना चुकवण्याचा रस्ता होतं. मी या मुलांना दोष देत नाही. जागा शेकड्यांत आणि अर्ज लाखांत, जाहिरात कधी निघेल सांगता येत नाही, निघाली तर परीक्षा पुढे ढकलली जाते. एवढंच म्हणतो की जिचा शेवट ठरलेला नाही ती तयारी माणसाला आतून पोखरते. फाळक्यांच्या डोक्यावर कर्जाची मुदत होती. वेलीला पंचांग असतं. घड बसायचे दिवस उलटले की उलटले. अभ्यासिकेतल्या मुलाला मुदत त्याच्या घरच्यांनीच प्रेमाने घालून द्यायला हवी, आणि त्या काळात त्याच्याकडून एखादं छोटं पण पुरतं काम करून घ्यायला हवं : चार तासांची नोकरी, एखाद्या दुकानाचे हिशेब, शिकवणी, काहीही, ज्याला ग्राहक आहे आणि ज्याचे पैसे मिळतात. 'अभ्यासात व्यत्यय नको' म्हणून आपण मुलांना वाण्याकडेही पाठवत नाही. मग तिसाव्या वर्षी तो पहिल्यांदा बाजारात उभा राहतो आणि त्याची वाचा बसते.

शेवटचा विषय आपल्या सगळ्यांचा, सिंहस्थ कुंभमेळ्याचा.

२७ ऑगस्ट २००३ ला पर्वणीच्या, म्हणजे मुख्य स्नानाच्या, दिवशी रामकुंडाकडच्या अरुंद रस्त्यावर चेंगराचेंगरी झाली आणि तीसहून अधिक भाविक गेले. हा दिवस नाशिककर विसरले नाहीत, विसरू नये. बारा वर्षांनी, २०१५ मध्ये, प्रशासनाने त्या आठवणीने सगळी आखणी केली. गाड्या शहराबाहेर थांबवायच्या, लोकांना लांबच्या ठरावीक मार्गांनी चालत न्यायचं, जागोजागी लोखंडी अडथळे. २९ ऑगस्टला पहिली पर्वणी झाली आणि अपेक्षेपेक्षा माणसं फारच कमी आली. घाट मोकळे, व्यापारी नाराज, नाशिककर घरात कोंडलेले. आपल्यातले अनेक जण त्या दिवशी गच्चीवरून रिकामा रस्ता बघत होते. मग टीका झाली, बंदोबस्त सैल केला आणि १३ सप्टेंबरच्या दुसऱ्या पर्वणीला लोटलेली गर्दी बऱ्या रीतीने पार पडली. 

माझं मत असं : पहिल्या पर्वणीची तयारी २००३ साठी होती, २०१५ साठी नव्हती. आधीच्या अपघाताची उजळणी म्हणजे पुढच्या दिवसाची तयारी नव्हे. दुसरी पर्वणी नीट झाली, कारण पंधरा दिवसांपूर्वी खऱ्या रस्त्यांवर, खऱ्या माणसांसह एकदा करून पाहिलं गेलं होतं. त्या करून पाहण्याची किंमत मात्र भाविकांच्या पायपिटीने चुकती झाली. तेच आधी, लहान प्रमाणावर करून बघता आलं असतं.

पुढच्या मुख्य पर्वण्या २०२७ च्या पावसाळ्यात आहेत. नवे घाट, नवे पूल, रस्त्यांची रुंदी ही सरकारची कामं, त्याचे नकाशे वर्तमानपत्रांत येतच असतात. पण मुंबईकडून येणारा लोंढा ज्या महामार्गाने येतो तो आपल्या दारावरून जातो. त्या दिवसांत आपला भाग अडणार हे सांगायला ज्योतिषी नको. आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसला जाणारी माणसं आपल्या इमारतींत आहेत. नववा महिना लागलेल्या सुना आहेत. एकटे राहणारे ऐंशीच्या पुढचे आजोबा-आजी आहेत, मुलं पुण्याला किंवा परदेशात. आणि पर्वणीला राहायला येणारे गावाकडचे पाहुणे आहेत, त्यांना आपण नाही म्हणणार नाही.

म्हणून इंदिरानगरातल्या प्रत्येक सोसायटीला आणि कॉलनीला माझी एक विनंती आहे. पर्वणीच्या कितीतरी आधी एक साधा रविवार ठरवा. त्या दिवशी महामार्ग आणि मोठे रस्ते बंद आहेत असं धरून सकाळी सहा ते संध्याकाळी सहा गाडी बाहेर काढू नका. दूध कुठून आणायचं, औषधाचं दुकान पायी किती लांब, रुग्णाला गल्लीबोळांतून कुठवर नेता येतं आणि तिथून पुढे कोण नेईल, पाहुण्यांना चालत कुठून न्यायचं, हे बसून बोलू नका, करून पाहा. कुणीतरी वहीत लिहून घ्या की कुठे अडलं. ती वही महापालिकेच्या विभागीय कार्यालयात आणि पोलीस ठाण्यात नेऊन द्या, आणि पोच घ्या. मग तीन महिन्यांनी परत एकदा करा, कारण तोवर एखादा रस्ता खणलेला असेल, एखादा दुकानदार गेलेला असेल, एखादा नवा आजारी असेल. व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांकडे दाराशी एक कागद ठेवला आहे. जाताना त्यावर आपल्या सोसायटीचं नाव आणि रविवारची तारीख लिहून जा.